तंबूवाली मेहुणी

माझ्या मेहुणीइतकी निर्लज्ज बाई अलिबागपासून मुरूडपर्यंत शोधून सापडायची नाही. हे मी तिच्या पाठीमागं बोलत नाही, तोंडावर बोललेलो आहे. त्यावर ती म्हणाली, "आगरदांड्याला होती एक, पण ती वारली." असं उत्तर देणारी बाई. मी चौथी शिकलेला माणूस. किहीमच्या अंगाला नारळाची लहानशी वाडी आहे, तीत जन्म गेला. लिहायची मला सवय नाही. पण या बाईनं मला आजवर जे धक्के दिले ते मी घरी येऊन बायकोला सांगायचो, आणि बायको पोट धरून हसायची. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी बायको गेली. आता सांगायचं कुणाला, म्हणून कागदाला सांगतो.

मेहुणी म्हणजे बायकोची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. का नाही केलं असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "ताईचं बघितलं ना." मी समोर बसलेलो! नोकरी सरकारी कचेरीत शिपायाची. जन्मभर साहेबांच्या खुर्च्या पुसल्या, घंटी वाजली की पळाली. रिटायर झाल्यावर बायका देवदेव करतात, हिनं एक जुनी व्हॅन घेतली, एका माणसापुरता तंबू घेतला आणि रस्त्यावरची तीन कुत्री उचलून आणली. त्यांची नावं तहसीलदार, सर्कल आणि तलाठी. "इतकी वर्षं त्यांनी मला हाका मारल्या, आता मी मारते," म्हणाली. एकदा मी तिच्याबरोबर मासळीबाजारात होतो. तिकडं तिचं कुत्रं कोळणीच्या पाटीत तोंड घालायला लागलं, तशी ही गरजली, "ए तलाठ्या! सोड ती मांदेली! बाहेर बांधून ठेवीन तुला!" शेजारी एक चांगले कपडे घातलेले गृहस्थ मांदेलीच घेत होते. त्यांनी पिशवी तिथंच ठेवली आणि गोरेमोरे होऊन उभे राहिले. खरेखुरे तलाठी निघाले. मी तोंड लपवून दुसऱ्या गल्लीतून घरी आलो. हिनं मात्र त्यांच्याशी ओळख काढून त्यांच्याच पैशांचा चहा पिऊन घेतला.

आमच्याकडं आली तर घरात झोपायची नाही. चांगलं चार खोल्यांचं घर, पण ही वाडीत माडांखाली तंबू ठोकणार. मी म्हणायचो, "बाई गं, नारळ पडेल डोक्यात." तर म्हणायची, "पडू दे भावोजी. घरात तुमची बोलणी पडतात, त्यापेक्षा नारळ बरा." संध्याकाळ झाली की बायको दोन कप चहा घेऊन त्या तंबूत शिरायची. तंबू एका माणसाचा. आत दोन म्हाताऱ्या आडव्या, आणि बाहेर चार पाय. वाडीत पाणी सोडताना मला ते चार पाय दिसायचे आणि आतून खुसखुस ऐकू यायची. माझ्यावरच हसत असणार. शिंपणं झालं तरी मी उगाच तिथं रेंगाळायचो.

आणि जाईल तिथं एकटी जाणार. कुणी बरोबर येतो म्हटलं की हिचं कपाळ आठ्यांनी भरलं. "माणूस बरोबर असला की दर घटकेला विचारतो, आता पुढं काय. कुत्रं विचारत नाही." दिघीला जा, हरिहरेश्वराला जा, कुठं धरणाच्या भिंतीखाली राहा, सगळं एकटीनं. तिन्हीसांजेला मात्र बायकोला फोन यायचा. "ताई, आज इथं हाय. जेवले. तलाठ्यानं एकाची चप्पल पळवली." बायको फोन ठेवायची आणि मग भाताचं आधण ठेवायची. फोन आल्याशिवाय आमच्या घरी भात शिजायचा नाही. मी भुकेनं ओरडायचो.

बायकोच्या बाराव्याला या बाईनं काय केलं ते सांगतो. सगळे पाहुणे मान खाली घालून भात चिवडत होते. हिनं दोनदा वरण मागून घेतलं, लोणचं मागितलं, आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "ताईच्या घरून मी कधी उपाशी गेले नाही. आज गेले तर ती वरून खाली येईल भांडायला." माझी चुलती अजून त्यावर बोलते. मला स्वतःला इतका राग आला की तिच्याशी महिनाभर बोललो नाही. तिला ते कळलंच नसावं, कारण त्या महिन्यात ती आलीही नाही.

आता ठकीचं सांगतो. ठकी म्हणजे बायकोची कुत्री. माहेरी गेली होती तेव्हा बायकोनं हे पिल्लू पिशवीत घालून आणलं. बायको बाजारात शहाळी, केळफुलं घेऊन बसायची आणि संध्याकाळच्या एसटीनं परत यायची. ठकी फाट्यावर जाऊन तिची वाट बघत बसायची, पाटीबरोबर घरी यायची. बायको गेली तरी ठकीचा नेम चुकला नाही. एसटी यायची, माणसं उतरायची, ठकी एकेकाचे पाय हुंगायची, एसटी निघून जायची. मग मी जाऊन तिला दोरीनं ओढत आणायचो. फाट्यावरचा पानवाला रोज म्हणायचा, "काका, वाट बघते हो ती." मी म्हटलं, "मला डोळे नाहीत का रे?" पण खरं सांगायचं तर मला ते बघवत नव्हतं. घरातलं एक माणूस गेलं ते मी कसंबसं गिळत होतो, आणि हे जनावर रोज संध्याकाळी ते बाहेर काढून सगळ्या गावापुढं ठेवत होतं. मी ठरवलं, ठकी जिथून आली तिथं जाऊ दे. मेहुण्याला फोन केला. तो म्हणाला, "सोडा आणून भावोजी, पडून राहील पडवीत."

बायकोचं माहेर पेणच्या पलीकडं, तळ्याकाठच्या गावात. सोडायला गाडी फक्त मेहुणीकडं. तिला सांगितलं तर म्हणाली, "नेते. पण मी एकटीच जाते, तुम्हाला ठाऊक आहे. यायचं तर मागं बसा आणि पुढं काय ते विचारू नका." सकाळी निघालो. पुढच्या सीटवर तहसीलदार. मी मागं, तंबू, स्टोव्ह, सर्कल, तलाठी, ठकी आणि मेहुण्याकडं द्यायच्या नारळांचं पोतं यांच्यात. खिंडीत वळणावर सर्कल माझ्या मांडीवर आला आणि तिथंच ओकला. "भावोजी, काच खाली करा," एवढंच म्हणाली. मी पंचा ओला करून धोतर पुसत राहिलो आणि हिनं गाणं लावलं.

तळ्यावर पोचलो. घर समोर, तळ्याच्या काठाला लागून. मला वाटलं, आता आत जाऊ, पाणीबिणी पिऊ. तर हिनं घराच्या बरोब्बर दारापुढं, घाटाच्या कट्ट्यावर तंबू ठोकायला घेतला. दिवसभरासाठी आलेली बाई, संध्याकाळी परत जायचं, आणि बापाच्या दारात तंबू! माझा आ मिटेना. तळ्याकाठच्या आठवडी बाजाराला आलेली माणसं जमली. एकजण विचारतो, "सर्कस कधी सुरू?" मेहुणा धावत बाहेर आला. "अगं ए बाय, समोर घर हाय ना! लोक काय म्हंतील? भावानं भैनीला आत घेतली न्हाय म्हंतील!"

"तुझ्या घराला दार आहे, वाजवावं लागतं," ती म्हणाली. "माझ्या तंबूला चेन आहे. ती धर तिकडं, ताण."

आणि तो बिचारा साठीचा माणूस चार लोकांत तंबूची दोरी ताणत उभा. तेवढ्यात तिन्ही सरकारी अधिकारी तळ्यात उतरले. धुणं धुणाऱ्या बायका किंचाळल्या. सर्कल एक परकर तोंडात धरून पैलतीराला निघाला. मी कपाळावर हात मारून पायरीवर बसलो. ठकी मात्र पाण्याकडं गेली नाही. तिनं घाट हुंगला, कट्टा हुंगला, आणि सरळ तंबूत शिरली. मेहुणी आत आडवी होती. मी वळून पाहिलं तर तंबूच्या बाहेर चार पाय. दोन माणसाचे, दोन कुत्रीचे. आतून काही ऐकू येत नव्हतं. मी पुन्हा तळ्याकडं तोंड केलं.

जेवणं झाली, ऊन कललं. मी ठकीला पडवीच्या खांबाला बांधलं. ओरडली नाही, ओढ घेतली नाही. मी व्हॅनमध्ये जाऊन बसलो आणि दुसऱ्या बाजूला बघत म्हणालो, "चल, निघू."

मेहुणी निघेना. पडवीत उभी राहून भावजयीला हाका मारायला लागली. "वहिनी, तांदूळ आण गं. हळदकुंकू, खण, नारळ आण."

"कुनाची ओटी भरायची, वन्सं?"

"ठकीची."

भावजयीच्या हातातलं भांडं खाली पडलं. "कुत्रीची? अवं, श्यान घालतील लोकं तोंडात!"

"माहेरवाशीण आहे. इथंच जन्मली, सासरी निघाली. आपल्या दारातून कुणी ओटीवाचून गेलंय का कधी? माझ्या हातची चालत नाही तुम्हाला. तू सवाष्ण, तू भर."

मी गाडीतून ओरडलो, "अगं, सासरी कसली? तिला सोडायला आणलीय मी!"

माझ्याकडं कुणाचं लक्षच नव्हतं. भावजय तशीच उभी होती, पदर तोंडाला लावून. मग हळूच म्हणाली, "ताय मागल्या टायमाला आल्या ना, तवा घाईत गेल्या. एसटी चुकंल म्हनल्या. ओटी ऱ्हायली. म्या म्हनलं, फुडल्या खेपंला भरू." आणि आत गेली. सूप घेऊन आली. ठकीच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, ठकीनं तिचा हात चाटला. खणात तांदूळ घातले, नारळ ठेवला आणि गाठ मारून तिच्या गळ्यात अडकवला. नारळ माझ्याच वाडीतला, सकाळी मीच आणलेला. रस्त्यावर माणसं उभी राहून बघत होती. हसलं कुणी नाही.

मेहुणीनं दोरी सोडली आणि ठकीला माझ्या मांडीवर आणून ठेवली. "घ्या. ओटी भरलेली बाई आम्ही ठेवून घेत नाही."

मी चिडलो. आवाज चढला माझा. "रोज त्या फाट्यावर बसते ती! मला बघवत नाही ते, कळत नाही का तुला?"

"कळतं," ती म्हणाली. "मी इतकी वर्षं एकटी हिंडले ते ताई घरी होती म्हणून. कुणीतरी वाट बघत होतं. आता मी फोन कुणाला करू? ही तरी बसू दे त्या फाट्यावर."

एवढं बोलून तहसीलदाराला सरकवून ती गाडी चालवायला बसली.  परतताना गाणं लावलं नाही. फाट्यावर आम्हा दोघांना उतरवलं, गळ्यातल्या ओटीसकट, आणि ती मुरूडच्या बाजूला निघून गेली, एकटीच. पानवाल्यानं ठकीचं कुंकू पाहिलं, खण पाहिला, माझं धोतर पाहिलं. काही विचारलं नाही. शहाणा आहे.

ओटीच्या तांदळाचा भात करतात तसा मी करायला घेतला. आधण ठेवून बसलो आणि फोनकडं बघत राहिलो. वाजला. "भावोजी, आज इथं हाय. जेवले." मी म्हटलं, "बरं."  मग तांदूळ वैरले.

आता संध्याकाळी दोरी घरीच असते. ठकीबरोबर मीच फाट्यावर जातो आणि पानवाल्याच्या बाकड्यावर बसतो. एसटी येते, माणसं उतरतात, ठकी त्यांचे पाय हुंगते, एसटी जाते. तरी आम्ही लगेच उठत नाही. जरा वेळ बसून राहतो. व्हॅनचा काही नेम नसतो.