हितंच हाय

माहेरचे दोन दिवस संपवून मी मोरगावच्या थांब्यावर बारामतीच्या एसटीची वाट पाहत होते. सासरी जायला पाय उचलत नव्हता. शेजारी एक म्हातारी आणि तिचा आंधळा नवरा बसले होते.

"कुठं मेलीस?" तो सारखा ओरडायचा.

"हितंच हाय," ती म्हणायची. दर वेळी तोच सूर, आणि त्याच्या गुडघ्यावर तिचा हात. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तर त्यानं तो उडवून लावला. तिनं भिजलेलं लुगडं पिळलं आणि तांब्या पुन्हा भरून आणला.

एक बाई म्हणाली, "म्हातारे, ठेव की त्याला हितंच गणपतीपाशी."

"नगं बाई, देवाच्या डोक्याला कशाला ताप!" म्हातारी हसली. म्हाताराही गालातल्या गालात हसला.

मी हळूच विचारलं, "आजी, तुमाला राग येत न्हाय व्हय?"

"येतो की. पर मी दिसत न्हाय त्यास्नी, म्हणून भित्यात. भ्यालेल्या माणसावर किती येळ रागवायचं?"

संध्याकाळी सासूबाई उंबऱ्यातच सुरू झाल्या. मी नेहमीसारखी गप्प राहिले. लोक मला सोशिक म्हणतात, पण माझ्या गप्प बसण्यात राग धुमसत असतो. म्हातारीच्या आवाजात तो नव्हता.

सासूबाई बोलत असताना मी कधी मान वर केली नव्हती. त्या दिवशी केली, आणि त्यांच्या थकलेल्या चेहऱ्यात त्यांना कशाचं भय वाटत असेल ते शोधत राहिले. ते अजून सापडलेलं नाही. पण आता बोलणी खाताना मी खाली बघत नाही.