सर्व्हरला लावलेलं गंध

आज आयुधपूजा. ऑफिसातल्या कीबोर्डांना ओल्या चंदनाचा वास येतोय आणि मला आमचे जुने मॅनेजर आठवतायत.

तंजावरात या दिवशी यंत्रांना गंध-कुंकू लावतात. एक बोट पुरतं. त्या वर्षी मॅनेजर रेशमी वेष्टी नेसून सर्व्हरपुढे आले आणि त्यांनी अख्खी वाटीच हातात घेतली.

"सार, जाळीतून आत जाईल," मी म्हणालो.

"राव, पूजा मला शिकवतोस काय?" म्हणत त्यांनी पातळ गंध वरून ओतलं. पंखा घरघरला आणि थांबला. जळक्या चंदनाचा तो वास खरोखर प्रसन्न होता.

सुट्टी संपल्यावर सगळ्यांसमोर ते म्हणाले, "राव यंत्रांची निगा ठेवत नाही." वर मला मेमो दिला.

बॅकअपवरून मी ऑफिसचं सगळं काम परत आणलं. फक्त त्यांचं आत्मचरित्र आणलं नाही. ते त्यांनी तीन वर्षं ऑफिसच्या टायपिस्टकडून टाइप करून घेतलं होतं. त्याची प्रत माझ्या खणात होती. आठ दिवस छळून देणार होतो.

आता ते निवृत्त आहेत. राजवाड्याजवळ भेटले की अजून विचारतात, "राव, ते सापडेल काय?"

"सापडेल, सार. गंध कुणी ओतलं तेवढं चारचौघांत सांगा."

"वय झालं रे. काही आठवत नाही."

पूर्वी हे ऐकून मला थोडी लाज वाटायची. आता वाटत नाही. ज्याला एवढंही आठवत नाही, त्याच्या आत्मचरित्राची कुणाला घाई नसावी.