लिंबागणेशच्या आभाळातलं विमान आणि मामांचं केशरी कापड

मामांचा फोन आला तेव्हा मी सहामाहीचे भूगोलाचे पेपर तपासत बसले होते. कशी आहेस वगैरे काही नाही, थेट आरोपच. "पोरी, तुझं ते ॲप खोटं बोलतंय. त्यात इमान माझ्या डोक्यावर हाय आन् वर बघावं तर आभाळ कोरं. पंधरा मिनिटं टावेल हलवीत उभा होतो. लोक हासाय लागले."

हसून हसून माझ्या हातातलं लाल पेन खाली पडलं. ज्यांना विमानं टिपायचा हा नाद नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रत्येक विमान आपण कुठे आहोत, किती उंचीवर आहोत हे क्षणाक्षणाला रेडिओवरून सांगत जात असतं. ते ऐकायला माझ्यासारख्या रिकामटेकड्या लोकांनी गच्चीवर अँटेना लावलेल्या असतात आणि सगळ्यांचं ऐकलेलं मिळून ॲपवरचा नकाशा तयार होतो. पुण्यात असे कान गल्लोगल्ली आहेत. मामांच्या बाजूला मात्र कुणीच नाही, आणि आमच्या पुण्याच्या अँटेनांना पूर्वेकडून इमारती आडव्या येतात. मग ॲप काय करतं, तर अंदाजाने विमान पुढे ढकलत राहतं. मामांनी टॉवेल हलवला तो त्या अंदाजाला!

पण मामा ॲप बघत होतेच कशाला? इथे शीतल आली. शीतल म्हणजे मामांची एकुलती एक लेक. तिला विशाखापट्टणमच्या बंदरात नोकरी लागली, तिने घरी न विचारता हो म्हणून टाकलं, आणि मामांनी धरला अबोला. माझ्या मामांचा धंदा मंडपाचा. पंचक्रोशीतल्या निम्म्या लग्नांचा मांडव त्यांनी घातला असेल. त्यांचा एक नेम आहे: पोरगी सासरी निघाली की तिची गाडी दिसेनाशी होईपर्यंत मांडवाचं एक कापड सोडायचं नाही. परक्यांच्या पोरींसाठी एवढं करणारा हा माणूस स्वतःची लेक महिनाभराच्या ट्रेनिंगला मुंबईला निघाली तेव्हा फाट्यापर्यंतसुद्धा गेला नाही, टेम्पोत पाइप भरत बसला. आता रविवारी ती मुंबईहून विमानाने पुढे जाणार होती. तेही आयुष्यात पहिल्यांदा. मामांना आपली चूक दुरुस्त करायची होती, आणि फोन करायचा नव्हता. म्हणून त्याच वाटेच्या विमानावर टॉवेलची तालीम चालली होती. बोलायचं नाही पण पाठवणी चुकवायची नाही, असा सगळा कारभार.

आमच्या बीड जिल्ह्यात विमानतळ नाही. विमानं भरपूर आहेत, पण सगळी वरून जाणारी. विमानात बसायचं तर आधी संभाजीनगर नाहीतर पुणं गाठा, आणि विशाखापट्टणमसारख्या ठिकाणी थेट जायचं तर मुंबई. थोडक्यात, मामांनी लेकीला दारातूनच निरोप द्यायचा होता, फक्त दार दहा-अकरा किलोमीटर उंच होतं. मी पेपर बाजूला सारले आणि शनिवारची सुट्टी टाकली.

सामान: तळहाताएवढा कॉम्प्युटर, विमानांचा रेडिओ ऐकणारी एक यूएसबीची कांडी, हातभर लांब अँटेना, दहा मीटर केबल. शनिवारी पहाटे शिवाजीनगरहून लाल परी पकडली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खिडकीही आपली आणि ऐटही आपली. कंडक्टरने अँटेनाकडे बघून विचारलं की हे काय, मी म्हटलं विमानं पकडायची काठी. त्याने तिचं वेगळं तिकीट लागत नाही एवढंच सांगितलं आणि पुढे गेला. नगरनंतर रस्ता चांगला आहे, झोप लागते. आष्टीला उतरून गरम भजी नक्की खा, तळलेली मिरची मागून घ्या, न मागता देत नाहीत. पुढे मांजरसुंब्याच्या फाट्यावर उतरून वडाप जीप करायची. माझ्या जीपमध्ये तेरा माणसं, दोन शेळ्या आणि ती काठी. गणपतीचं दर्शन करायचं असेल तर लिंबागणेशला उतरा, मामांची वस्ती तिथून जवळच आहे. मी गणपतीला बाहेरूनच हात जोडले आणि म्हटलं, बाबा, उद्या ढग नकोत.

मामींनी बाजरीची भाकरी आणि येसरची आमटी केली होती. आमटीबद्दल मी काही लिहीत नाही, नाहीतर विमान राहून जाईल. जेवल्या जेवल्या मामांनी मंडपाचे दोन पाइप एकात एक बसवून गच्चीवर उभे केले आणि टोकाला अँटेना अशी आवळून बांधली की वादळात घर उडालं असतं, अँटेना नाही. मी लॅपटॉप उघडला. एक विमान, पाच, अकरा, सतरा! मुंबई-बँकॉक, दिल्ली-बेंगळुरू, कुठलं तरी मालवाहू. मामा एकेक नाव मोठ्याने वाचत होते. इतकी वर्षं आपल्या डोक्यावरून ही सगळी वर्दळ चालली होती आणि आपल्याला कुणी सांगितलं कसं नाही, म्हणून त्यांना रागच आला.

तिकडे शीतलला मी गुपचूप कळवून ठेवलं होतं. डावीकडची खिडकी घे, उडाल्यावर अर्ध्या तासाने खाली बघायला लाग, बिंदुसरेच्या धरणाचं पाणी ओळख आणि त्याच्या अलीकडे नजर ठेव. कशासाठी, ते सांगितलं नाही. कारण मलाच ठाऊक नव्हतं. एवढ्या उंचीवरून टॉवेल काय दिसणार? मी तसं म्हटलं तर मामा म्हणाले, सकाळी बघ.

रविवारी सकाळी आठ वाजता लॅपटॉप उघडला. विमानं शून्य.

केबल बघितली, कांडी काढून परत घातली, कॉम्प्युटर तीनदा बंद-चालू केला. शून्य. शीतलचं विमान सव्वानऊला सुटणार होतं. एवढी पुण्याहून मिरवत आणलेली काठी, आणि ऐनवेळी मी मामांना पुन्हा अंदाजाकडे बघून हात हलवायला लावणार होते. रडूच यायचं बाकी होतं. शेवटी गच्चीवर गेले, वर बघितलं, आणि अँटेना गायब. तिच्या जागी स्टीलचं पातेलं. वीस माणसांचा भात होईल एवढं, पालथं घातलेलं आणि खालून दोरीने नीट बांधलेलं. मामी मागून शांतपणे म्हणाल्या, "दव लई पडतंय. भिजली असती बिचारी."

कुणावर चिडणार? लोणच्याची बरणी, शिवणयंत्र, पाहुण्यांची मोटारसायकल, या घरात जे जपायचं ते झाकायचं. अँटेनालाही तोच मान मिळाला होता. मामांनी पाइप आडवा केला, पातेलं सोडलं, आणि लॅपटॉपवर विमानं अशी धो धो आली की मी मामींना मिठीच मारली. पातेल्यासकट.

तेवढ्यात खाली टेम्पो लागला. मामांच्या मंडपाचे चार गडी आले होते, आणि सोयाबीन काढून मोकळ्या पडलेल्या काळ्याभोर रानात ते मंडपाचं कापड अंथरत होते. केशरी. नवंकोरं. एकाला एक जोडून हे एवढं मोठं की माझ्या शाळेचं मैदान झाकलं असतं. मामी हळूच म्हणाल्या, "शीतलच्या लग्नासाठी शिवून ठिवलंय. कुणाच्या मांडवाला लावू देत न्हाईत." मी मामांकडे बघितलं. ते एका गड्याला ओरडत होते की कोपरा सरळ कर, कोपरा. प्रत्येक लग्नात ते हेच ओरडतात.

विमान पंचवीस मिनिटं उशिरा सुटलं. मग पुण्याच्या उत्तरेला दिसलं, मग आष्टीच्या अंगाला. या वेळी अंदाज नव्हता, आमच्याच काठीने ऐकलेलं विमान होतं. मी रानात उभी राहून मोठ्याने सांगत होते, चाळीस किलोमीटर, तीस, वीस. गडी, मामी, शेजारपाजारचे सगळे माना वर करून. आणि दक्षिणेच्या अंगाला निळ्या आभाळात ते दिसलं, तांदळाच्या दाण्याएवढं, मागे पांढरी रेघ ओढत. सगळे ओरडत सुटले, मीही. इतकी की घसा बसला तो दोन दिवस.

मामा ओरडले नाहीत. कापडाच्या एका कोपऱ्यावर वाऱ्याने उडू नये म्हणून पाय ठेवून उभे होते. टॉवेल खांद्यावर तसाच. सगळ्यांचे हात खाली आले, विमान दिसेनासं झालं, रेघही विरली, तरी ते हलले नाहीत. मग गड्यांना म्हणाले, आता गुंडाळा.

बाराच्या आसपास शीतलचा फोन आला, माझ्या मोबाइलवर. मी न विचारता स्पीकर चालू केला. ती एका दमात बोलत सुटली. धरण दिसलं, आणि मग काळ्या रानात टिकलीएवढं काहीतरी केशरी, शेजारच्या काकूंनाही दाखवलं, त्या म्हणाल्या देऊळ असेल, ताई, ते आपलं कापड होतं ना गं? मामा समोर बसले होते. महिन्याभरात लेकीशी एक शब्द बोलले नव्हते. खाकरले.

"कोपरे सरळ होते का?"

"सरळ होते, आण्णा. चारी."

दहा किलोमीटरवरून कोपरे दिसत नाहीत, हे भूगोलाच्या बाईला कळतं.

पुण्यात परतून आता दोन महिने झाले. नकाशावर बीडच्या बाजूला विमानं सलग सरकतात, उड्या मारत नाहीत. मधेच एखाद्या सकाळी शून्यावर येतात, तेव्हा मी मामींना फोन करून पातेलं काढायला सांगते. तुम्हीही एखाद्या गावात असा कान बसवणार असाल तर सामान सहज मिळतं, जागा मात्र उंच बघा, आणि घरच्यांना सांगून ठेवा की तिला दव चालतं.

काल मामांचा फोन आला. शीतल पाडव्याला सुट्टीवर येतेय, येताना विमान आपल्या कुठल्या अंगाने जाईल, आणि तिने कुठली खिडकी घ्यावी? मी म्हटलं उजवीकडची. मग म्हणाले, तिला सांग तसं. मी म्हटलं, मी नाही सांगणार, तुमीच सांगा.

पाच मिनिटांनी शीतलचा मेसेज आला: "ताई, आण्णांचा फोन आलता. म्हणले उजवी खिडकी घे. बाकी काही बोललेच नाहीत, पण फोन ठेवला पण नाही."