शिवण बाहेर घालणारे मास्तर

भिंगारच्या बाजारात अर्धी पलटण ज्यांच्या हातचे कपडे घालून मिरवायची, ते टेलरमास्तर स्वतः मात्र शर्ट उलटा घालायचे. शिवण बाहेर, खिसा आत. खिशातला चष्मा काढायचा तर गळ्यातून हात घालून छातीवर चाचपावं लागायचं. नवं गिऱ्हाईक आधी त्यांच्या शर्टाकडे बघायचं, मग आपल्या कापडाकडे, आणि कापड हळूच पाठीमागे न्यायचं. मास्तर शांतपणे म्हणायचे, "घाबरू नका. तुमचा सुलटाच शिवतो."

कारण खाज. वर पुरळ नाही, चट्टा नाही, पण कातडीच्या आत मुंग्यांची जत्रा भरल्यासारखी. शिवणीचा कंगोरा पाठीला लागला की त्यांना बसवत नसे. आधी त्यांनी कॉलरचं लेबल उसवलं, मग बाह्या सैल केल्या, शेवटी अख्खा शर्टच फिरवला. "लोकांना बाहेरून सफाई पायजे, मला आतून," असा त्यांचा हिशेब.

माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या बरोबर समोर. त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. 'झेरॉक्स' म्हणायचे, आणि तेही धंद्यावरून नव्हे. "ह्याला एक गोष्ट सांगा, दिवस मावळायच्या आत बाजारात शंभर कॉप्या," असं ते माझ्यादेखत सांगत. आरोप शंभर टक्के खरा आहे.

तर खाज सुरू झाली तेव्हा पहिलं निदान मी केलं. खरूज. दहावीला विज्ञानात काठावर सुटलेल्या माणसाला असा आत्मविश्वास असतो. कडुनिंबाचा पाला टाकून कढत पाण्यानं अंघोळ करा म्हणालो, गंधकाचं मलम स्वतः आणून दिलं. मास्तरांनी माझ्यावर विश्वास ठेवून आठवडाभर अंग भाजून घेतलं आणि खाज दुप्पट झाली. एवढ्यावर थांबलो असतो तर तो मी कसला? कटिंगच्या दुकानात, गालाला फेस असताना, "कुणाला सांगू नका" असं बजावून मी सगळं सांगितलं. बाकावर पाचजण बसले होते.

पुढच्या पंधरवड्यात मास्तरांचं दुकान ओस पडलं. माप घ्यायचं म्हणजे अंगाला हात लावायचा, आणि खरजेच्या माणसाला अंगाला हात कोण लावू देणार? गल्लीतले रिटायर हवालदारसाहेब मुलाच्या लग्नातल्या कोटाचं कापड टाकून गेले होते. ते आले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "मास्तर, पोरगा रेडिमेडच घ्यायचं म्हणतोय." मास्तरांनी कापडाची नीट घडी घालून परत दिली. ते गेल्यावर मला म्हणाले, "चाळीस वर्सं मानसांना हात लावून पोट भरलं रे. आता मानसं हातभर लांब उभी ऱ्हात्यात." रागावले असते तर बरं झालं असतं. मी दुकानात जाऊन कोऱ्या कागदाच्या कॉप्या काढत बसलो.

शेवटी मास्तरांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, त्यांना ओढत नगरला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी कातडीपेक्षा पायांची सूज जास्त वेळ बघितली आणि रक्त तपासायला लावलं. दोन्ही मूत्रपिंडं थकली होती. रक्तात जी घाण साचत होती, तिचीच ही खाज. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. त्यानं खाज कमी झाली, गेली नाही, म्हणून बाकीचे नियम आले. पाणी कोमट, अंघोळीनंतर लगेच खोबरेल तेल, नखं बारीक, खाज आली की ओरबाडायचं नाही, थंड ओलं फडकं दाबून धरायचं. एक गोळी जेवताना घासाबरोबर. दूध कमी, शेंगदाणे कमी. आमच्या भागात शेंगदाण्याच्या कुटाशिवाय भाजी? मास्तर पहिल्या दिवशी ताटाकडे बघून म्हणाले, "काजं न केलेला शर्ट हाय हा." आणि झोपेत नखं लागू नयेत म्हणून दहाही बोटांना शिवताना घालायची ती धातूची टोपणं, अंगुस्तानं. दुपारी कूस बदलली की घरात भांडी पडल्याचा आवाज व्हायचा. काकू म्हणायच्या, "मांजरापायी उठले का ह्यांच्यापायी, तेच कळंना."

आता घाण मी केली होती, ती मीच निस्तरणार म्हणून पुन्हा त्याच कटिंगच्या दुकानात गेलो. खरूज नाही, मूत्रपिंडाचं दुखणं आहे, चिकटत नाही, एवढंच सांगायचं होतं. पण कुणी मान वर करेना. म्हणून मी जरा तिखटमीठ लावलं. "डॉक्टर म्हणालेत, भेटून घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांच्या दारात पांढऱ्या कपड्यांची रांग. प्रत्येकाच्या हातात केळी नाहीतर शहाळं. नेमकं दोन्ही मास्तरांना वर्ज्य. मास्तर मशीनवर बसून कुणाची तरी पँट आल्टर करत होते. त्यांनी रांग बघितली, मला हाक मारली.

"झेरॉक्स, कधीचं ठरवलंस रे माझं?"

"मास्तर, मी फक्त..."

"बस हितं. ही केळी तू खायची. माझ्यासमोर."

अकराव्या केळ्याला मी हात जोडले. तोवर भेटायला आलेले लोक ओशाळून मापं देऊन चालले होते. जित्या माणसाला भेटून रिकामं कसं जायचं?

हवालदारसाहेब सगळ्यांत शेवटी आले. काखेत तीच कापडाची घडी. "खरूज नव्हती, तर तसं सांगायचं ना, मास्तर."

"मी सांगून कोन ऐकतंय? हा सांगतो ते लोक ऐकत्यात."

साहेबांनी फोन करून मुलाला बोलावलं. तो हात पसरून उभा राहिला, पण खांदे वर ओढलेले. मास्तर म्हणाले, "आखडू नको. फौजेत हायस ना?" पोरगा हसला, खांदे खाली आले, आणि मास्तरांनी दोन्ही तळवे त्याच्या पाठीवर सपाट ठेवले. जरा जास्तच वेळ ठेवले. मापं मी लिहून घेतली.

लग्न नेमकं डायलिसिसच्या वारी, मास्तरांना जाता आलं नाही. डायलिसिसच्या पुढच्या खेपेला नवरा-नवरी दवाखान्यातच पाया पडायला आली, तो कोट घालून. मास्तरांचा एक हात मशीनला जोडलेला. त्यांनी आशीर्वाद द्यायच्या आधी कोट बघितला. "डावी बाही लांब झाली. तुझा तो खांदा उतरता हाय, ध्यानात आलं न्हाई माझ्या. सवडीनं आन." पोराची रजा संपली, तो गेला. पुढच्या रजेआधी मास्तर गेले.

परवा तो सुट्टीवर आला होता, कुणाच्या तरी साखरपुड्याला तोच कोट घालून निघाला होता. मी म्हटलं, नवा टेलर बाही दहा मिनिटांत करून देईल. त्यानं बाही मनगटावर आत दुमडली आणि म्हणाला, "राहू द्या काका. मास्तर सवडीनं आण म्हणालेत."