नऊ नंबरचा गुडघा

गोल मारला की आमचा नऊ नंबर आधी समोरच्या गोलकीपरकडे जायचा. मातीत पडलेल्या त्या माणसाला हात देऊन उठवायचा, त्याच्या पाठीवरची धूळ झटकायचा आणि "सॉरी, ब्रदर" म्हणायचा. मग हसत आमच्याकडे यायचा. अमरावतीच्या मैदानावर लोक गोलापेक्षा या माफीनाम्यालाच जास्त टाळ्या द्यायचे.

त्याचं नाव क्वामे. घानाहून आलेला, पोटापाण्यासाठी फुटबॉल खेळणारा. गोव्यात दोन हंगाम, नागपुरात एक, आणि मग आमच्या क्लबात. क्लबाचा सेक्रेटरी मी. फुटबॉल कळतो म्हणून नव्हे. राजापेठेत इंग्रजीची शिकवणी घेतो म्हणून. त्याच्याशी बोलणार कोण, हा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. नावाला जीभ वळत नाही म्हणून आम्ही त्याच्या पाठीवरचा आकडाच वापरायचो. आज त्याचीही लाज वाटते.

जेवायला तो आमच्याकडे असायचा. ठेचा खाऊन डोळ्यांतून पाणी काढायचा आणि पुन्हा मागायचा. जेवण झालं की आईसमोर बसून तुरीच्या शेंगा सोलायचा. आई त्याला आपल्या वऱ्हाडीत सगळं सांगायची: सुनेचं, शेजारणीचं, माझ्या लहानपणीच्या खोड्यांचं. तो नुसती मान हलवायचा.

"आई, त्याले काई समजत नाई," मी म्हणायचो.

"तुले काय मालूम?" आई म्हणायची.

त्या वर्षी अकोल्याच्या स्पर्धेत आम्ही पहिल्यांदा फायनलला पोचलो. पण सेमीफायनलमध्ये त्याचा गुडघा फिरला. शुक्रवार होता, फायनल रविवारी. पुढच्या हंगामाला कोलकात्याच्या एका मोठ्या क्लबाचं त्याला बोलावणं होतं, हे मला ठाऊक होतं. डॉक्टरकडे नेलं असतं, तर त्यांनी इंग्रजीत थेट त्यालाच सांगितलं असतं, खेळू नकोस. म्हणून मी त्याला बार्शीटाकळीला, हाडं बसवणाऱ्या एका बाबांकडे नेलं. हे कारण मी तेव्हा स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

बाबांनी गुडघा दाबून पाहिला, तेल लावलं, पट्टी बांधली. "सर, आतली शीर गेली हाये. एकवीस दिवस पाय टेकू देऊ नका. खेयला तं पाय कायमचा जाईन."

"काय म्हणतात?" क्वामेनं मला इंग्रजीत विचारलं.

"पट्टी घट्ट ठेव म्हणतात. रविवारी खेळता येईल," मी सांगितलं. अगदी व्याकरणशुद्ध इंग्रजीत.

त्यानं एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग म्हणाला, "ओके, सर."

रविवारी शेवटच्या दहा मिनिटांत त्यानं उडी मारून डोक्यानं गोल केला आणि खाली आला तो त्याच पायावर. त्या दिवशी गोलकीपरनं त्याला उठवलं. कप आम्ही वाजतगाजत अमरावतीला आणला. त्याचं ऑपरेशन झालं, पण कोलकात्याचं बोलावणं गेलं ते गेलंच. तो पुन्हा कधी खेळला नाही.

बडनेरा स्टेशनवर मी त्याला सोडायला गेलो. एका हातात कुबडी, दुसऱ्यात आईनं दिलेली तुरीच्या डाळीची पिशवी. गाडी फलाटाला लागली तेव्हा तो हळूच म्हणाला, "एकवीस दिवस पाय टेकू देऊ नका."

बाबांचे शब्द, जसेच्या तसे. "तुले समजलं होतं? मंग खेयला काहून?"

"तुमी म्हणलं ना, सर."

त्यात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. टोमणा नव्हता.

आता तो आपल्या गावी मुलांना खेळ शिकवतो. आईची तब्येत विचारायला दर महिन्याला त्याचा मेसेज येतो. मी "बरी आहे" लिहितो. त्याखाली "सॉरी" लिहितो, बराच वेळ बघत बसतो आणि पुसून टाकतो. एका गोलासाठी तो जे सहज म्हणायचा, ते त्याच्या अख्ख्या पायासाठी माझ्याच्यानं म्हणवत नाही.