अंबुजाक्कांनी गाळलेली वाक्यं

अंबुजाक्का रोग्याचं बोलणं डोळे मिटून ऐकत. माणूस बार्शीचा असो की बुलढाण्याचा, एकदा सुरू झाला की सगळं सांगत सुटे: घाम, तोंडाची गेलेली चव, सुनेचं वागणं. तो थांबला की अक्का डोळे उघडत आणि डॉक्टरांना तमिळमध्ये एकच वाक्य सांगत. डॉक्टर मान डोलावून लिहायला लागत.

चेन्नईच्या त्या कॅन्सर रुग्णालयात मी आहारतज्ज्ञ म्हणून नागपूरहून आले, तेव्हा मला तमिळचा गंध नव्हता. महाराष्ट्रातून उपचारांसाठी येणाऱ्यांच्या अक्का दुभाषी होत्या. घराणं तंजावरचं मराठी, कित्येक पिढ्या तमिळ मुलखात राहिलेलं. 'मला'च्या जागी 'मज', शब्द जुनेपुराणे आणि हेल मात्र पुरता तमिळ. पहिले काही दिवस मला त्यांचंही बोलणं नीट कळेना.

आपल्या कामाचा त्यांना अभिमान होता. "डॉक्टरांपाशी वेळ नाही, रोग्यापाशी शब्द फार," त्या म्हणत. "सार घ्यावं, चोथा सांडावा. मज तेंच काम." डॉक्टर त्यांच्यावर खूष असत, कारण रांग भराभर सरके. आणि रोग्यांना त्यांचा मोठाच आधार वाटे. परक्या गावात आपल्या भाषेत 'जेवलांत काय?' विचारणारं दुसरं होतं कोण?

मग अक्कांच्याच स्तनात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, केमो झाली, आमच्याच रुग्णालयात. नवे केस कुरळे आले. त्या कामावर परतल्या त्या दिवशी परिचारिकांनी गोड पोंगल वाटला. "सुटलात, अक्का!" जो तो म्हणत होता. अक्का हसत होत्या.

पण काहीतरी बिघडलं होतं. एकदा मी त्यांच्याबरोबर डॉक्टरांच्या खोलीत होते; एव्हाना मला तमिळ समजू लागलं होतं. डॉक्टर एक लांबलचक वाक्य बोलले. ही गोळी बंद, ती निम्मी, मग रक्त तपासून या. अक्कांनी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. "सर, मेल्ल सोल्लुंगो," त्या म्हणाल्या. सावकाश सांगा. डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं. वाक्याच्या शेवटाला येईतो सुरुवात निसटलेली. मग त्यांनी एकेक तुकडा बोटावर धरून ऐकला, तेव्हा कुठे जमलं.

बाहेर आल्यावर त्या जिन्याच्या पायरीवरच बसल्या. "हा निजून उठल्यावर जाणारा थकवा नव्हे गं, सुमेधा. हाडांत कोणी ओली वाळू भरलीय. आणि शब्द येतो, मज बघतो, परत जातो."

पुढच्या तपासणीला मी त्यांच्यासोबत गेले. त्यांनी डॉक्टरांना हे सगळं सांगितलं, अगदी वाळूपासून. डॉक्टर तरुण होते, स्वभावानं चांगले. पण ते अहवाल बघत होते आणि अहवाल उत्तम होता. "अदु सोर्वु दान, अम्मा," ते म्हणाले. तो थकवाच. आराम करा.

अक्का बाहेर आल्या आणि भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या. चेहरा पांढराफटक. मला वाटलं, चक्कर आली. "नव्हे," त्या म्हणाल्या. "त्यांनी मज माझंच वाक्य दिलं."

मला त्याचा अर्थ रविवारी कळला. चेन्नईतल्याच तिरुवल्लिकेणी भागात, एका अरुंद गल्लीत, पहिल्या मजल्यावर त्या एकट्या राहत. भर दुपार होती. खालून फुलवालीची हाक येत होती. "सकाळची गोळी घेतली की नाही, मज स्मरत नाही," अक्का म्हणाल्या, "आणि ही माणसं मात्र सगळी स्मरतात. जें मी सांडलं, तेंच." आणि त्यांनी डोळे मिटले.

"'बाई, मुलांची हजेरी घेताना नाव जिभेवर येतं आणि परत जातं. फळ्यासमोर उभी राहिले की पाढा मध्येच तुटतो. मला वेड तर लागत नाहीये ना, तेवढं विचारा डॉक्टरांना.'"

त्यांच्या आवाजातला तमिळ हेल नाहीसा झाला होता. खोलीत मिरजेकडची कुणी बाई बोलत होती.

"शकुंतलाबाई," डोळे उघडून अक्का म्हणाल्या. "शाळेत शिकवत. केमो संपल्यावर तपासणीला आल्या होत्या. मी डॉक्टरांना काय सांगितलं, ठाऊक आहे? रोंब सोर्वा इरुक्काम. फार थकवा आहे म्हणतात. संपलं."

शकुंतलाबाई पूर्वी दिवाळीला फोन करत. मग ते थांबलं होतं. नंबर अक्कांच्या मोबाईलमध्ये होता. त्यांनी मला लावायला सांगितला आणि स्पीकर चालू ठेवला.

बाईंनी आवाज ओळखला, ख्यालीखुशाली झाली. शाळा? सोडली म्हणाल्या, मन लागेना. तेव्हा अक्कांनी ते वाक्य त्यांना जसंच्या तसं म्हणून दाखवलं. पलीकडे कुकरची शिट्टी ऐकू आली.

"हो," बाई म्हणाल्या. "असंच म्हणाले होते मी."

"मी तें डॉक्टरांना सांगितलं नाही, बाई. तें वेड नव्हे. औषधांनी कित्येकांना होतं. मजही झालंय."

"वेड नव्हतं?" आवाज फार बारीक झाला होता. "मी घरात कुणालाच बोलले नाही हो. वाटलं, कळलं तर मला..."

फोन बंद झाला. अक्कांनी नंतर अनेकदा लावला. बाईंनी पुन्हा कधीच उचलला नाही.

त्यानंतर अक्का काही गाळेनाशा झाल्या. रोग्याला दोन वाक्यांनंतर थांबवत, तेवढं सांगत, मग "पुढे बोला" म्हणत. सुनेचं वागणंसुद्धा सांगत. रांग जिन्यापर्यंत गेली, वरून बोलावणी आली. एके दिवशी त्याच तरुण डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "डोकं चालत नाही असं इतकेजण म्हणतात? मला आजवर कुणीच कसं सांगितलं नाही?"

"त्यांनी सांगितलं होतं, सर," अक्का म्हणाल्या. "मी सांगितलं नव्हतं."

डॉक्टर पुढे स्वतःहून विचारू लागले. अक्कांना मात्र त्याचं समाधान लाभलं असं मी म्हणणार नाही. दुपारनंतर त्यांना बसवेना. त्यांनी काम सोडलं आणि चेन्नईजवळच्या तांबरमला धाकट्या बहिणीकडे राहायला गेल्या. पुढल्या वर्षी रोग हाडांत परतला.

त्या गेल्या त्याच्या आदल्या आठवड्यात मी भेटायला गेले. त्या बोलत होत्या, फार सावकाश. अर्धं जुनं मराठी, अर्धं तमिळ. एक विहीर होती त्यात, कुणाचं तरी लग्न, पाणी मागणारा एक माणूस. ते त्यांचं होतं की कुणा रोग्याचं, मला उमगेना. मध्येच शब्द अडे, ओठ हलत राहत. मी त्यांचा हात धरून बसले होते.

बहीण कॉफी घेऊन आली. "काय म्हणते गं अक्का?" तिनं हळूच मला विचारलं.

"थांबा," मी म्हणाले. "त्यांचं अजून सांगून व्हायचंय."