बाहत्तरची थरथर

बसवंतच्या ट्रकला ताशी साठपर्यंत काही म्हणता काही होत नसे. पासष्टला सीट शहारायची, सत्तरला काचेमागचा गणपती नाचायला लागायचा आणि बाहत्तरला शेजारी बसलेला माणूस त्याच गणपतीचं नाव घ्यायला लागायचा. ऐंशीला म्हणे सगळं शांत होत होतं. पण तेरा वर्षांच्या ट्रकमध्ये दुसऱ्याचं फ्रिज-कपाट घालून ऐंशीनं जायचं, म्हणजे बसवंतला खूळच लागायला हवं होतं.

बसवंत निपाणीकडचा. वीस वर्षं बेंगळुरूत लोकांच्या गाड्या चालवल्या, इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या भाडेकरूंचे संसार या फ्लॅटमधून त्या फ्लॅटमध्ये पोचवले. ही त्याची पहिली स्वतःची गाडी, आणि घेतली ती कुणा दलालाकडून नव्हे, जयनगरच्या योगीराज अण्णांकडून. अण्णांनीच त्याला स्टिअरिंग धरायला शिकवलं होतं. गुडघे गेले म्हणून त्यांनी गाडी विकायला काढली आणि म्हणाले, "निर्मळ गाडी हाय. डोळे मिटून घे की." बसवंतनं डोळे मिटून घेतली. पहिले तीन आठवडे ती जयनगर आणि जे. पी. नगरातच फिरली. तिथल्या गर्दीत गाडीला तीसच्या वर जाता येईना, तर बाहत्तरला ती काय करते हे कळणार कसं? मग दसरा झाला, होसूरच्या मोकळ्या हमरस्त्याचं पहिलं भाडं आलं आणि थरथर सुरू झाली.

पहिल्या गॅरेजवाल्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं, चाकांचं बॅलन्सिंग. केलं. दुसऱ्यानं पहिल्याला वेड्यात काढलं आणि इंजिनाखालची रबरं बदलली. तिसऱ्यानं दोघांना वेड्यात काढलं आणि टायर पुढचे मागे, मागचे पुढे केले. थरथर जिथल्या तिथे. चौथा तर म्हणाला, "स्वल्प हळू चालवा की!" बसवंतच्या अंगाचा तिळपापड झाला. हळू चालवायचं होतं तर बैलगाडी काय वाईट होती?

शेवटी तो तणतणत अण्णांच्या दारात गेला आणि शेजारीपाजारी ऐकत असताना तोंडाला येईल ते बोलला. "मला ठाऊक असतं तुम्ही असं फसवणार, तर दारात पाय ठेवला नसता!" अण्णा एवढंच म्हणाले, "रविवारी आणून लाव. परत घेतो." त्या रात्री बायको शालन म्हणाली, "गाडी जाऊ दे हो. पण अण्णांचं घर तुटलं तर परत मिळंल काय?" बसवंतनं तिच्याकडे पाठ फिरवली. तिचं खरं होतं, म्हणूनच जास्त राग आला.

शनिवारी तो शेवटचा उपाय म्हणून मंजुनाथकडे गेला. हा मिस्त्री कमी बोलणारा. त्यानं पाना उचललाच नाही, शेजारी येऊन बसला. "हादरा हातात येतो की बुडाखाली?" "बुडाखाली." "म्हणजे पुढची चाकं नाहीत." बाहत्तरला त्यानं गिअर काढायला लावला. गाडी घरंगळत राहिली, थरथरही राहिली. "इंजिनपण नाही. सरी, ठीक, वळवा."

गॅरेजात तो गाडीखाली शिरला आणि बराच वेळ बाहेरच आला नाही. मग हात बाहेर काढून त्यानं बसवंतलाही आत ओढलं. इंजिनाचं बळ मागच्या चाकांना देणारा लांब दांडा, शाफ्ट, रुपेरी रंगानं नव्या भांड्यासारखा चमकत होता. "हा रंग कुणी दिला?"

"मीच की! आयुधपूजेला," बसवंत फुशारकीनं म्हणाला. "दोन दिवस खालीच पडून होतो. सगळा गंज खरवडला. एवढी स्वच्छ गाडी अख्ख्या गल्लीत नव्हती."

मंजुनाथनं त्याचं बोट धरून रंगाखालच्या वेल्डिंगच्या दोन खडबडीत ठिपक्यांवर ठेवलं. "इथं एक पट्टी होती. शाफ्टचा तोल राखायला जोडलेली. ती कुठाय?"

बसवंतला आठवलं. पट्टी होती. गंजकी, वाकडी, डोळ्यात खुपणारी. छिन्नी लावून त्यानं ती उडवली होती, आणि लोखंड आहे, कुठेतरी उपयोगी पडेल म्हणून हत्यारांच्या पेटीत टाकली होती. पेटी उघडली तर ती पान्यांच्या शेजारीच होती. पूजेच्या दिवशी शालननं सगळ्या हत्यारांना लावलेलं हळदकुंकू तिच्यावरही होतं. मंजुनाथनं कपाळावर हात मारला. मग शाफ्ट उतरवून ती पट्टी पुन्हा त्याच जागी जोडून दिली. परतताना काटा बाहत्तरवर गेला आणि गणपती जागचा हलला नाही. बसवंतला आनंद व्हायला हवा होता, पण लाजेनं त्याला स्वतःचं तोंड आरशात बघवेना.

रविवारी तो जयनगरला पोचला. अण्णांनी दारासमोरची जागा झाडून ठेवली होती आणि काठी टेकत फाटकात उभे होते. बसवंत उतरला, पाया पडला. "अण्णा, परत द्यायला आलो नाही. चूक माझी हाय." त्यानं छिन्नीपासून हळदकुंकवापर्यंत सगळं सांगून टाकलं, शेजारी ऐकतील अशा आवाजात. आता त्यांनी कानाखाली वाजवली असती तरी त्याला बरंच वाटलं असतं.

अण्णा वाजवायला आले नाहीत. त्यांनी गाडीच्या दारावर हात ठेवला. "गाडी हलते आणि मला कधी कळलंच नाही, म्हणजे हातच मेले माझे, असं धरून बसलो होतो रे," ते म्हणाले. "पाच दिवस झाले, गल्लीतल्या कुणालाही विचार, मी घराबाहेर पडलो नाही."

बसवंतनं किल्ली अण्णांच्या हातात दिली, त्यांना धरून चालकाच्या सीटवर चढवलं आणि स्वतः पलीकडच्या दारानं शेजारी जाऊन बसला.